आपोआप दिवे आणि सासऱ्यांची वरात

हिंदुस्थानात आपोआप लागणारे गाडीचे दिवे पहिल्यांदा कुणी आणले, याची नोंद तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. सापडलीच, तर तिच्यात माझं नाव नसेल. पण तुम्हाला म्हणून सांगतो, १९८६ साली सीबीडी बेलापूरच्या आमच्या सोसायटीत, एका चॉकलेटी डुक्कर फियाटमध्ये, मी नंदकिशोर साळव्यानं स्वतःच्या हातानं ते बसवले होते. आणि ते चालत होते! फारच चालत होते. तीच तर अडचण झाली.

महाप्याला एका रसायनांच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, भट्टी तापली की घंटा आपोआप वाजावी, असली कामं माझ्याकडे. माणसाच्या लक्षात राहायच्या आत यंत्राच्या लक्षात आलं पाहिजे, हे आमचं ब्रीद. घरी मात्र मी बादलीवरचा नळ चालू ठेवून पेपर वाचत बसायचो आणि पाणी जिन्यानं उतरून खालच्या मजल्यावर श्यामसुंदर टिपणिसांच्या पायपुसण्यापर्यंत जायचं.

गाडीच्या दिव्यांचंही तेच. संध्याकाळी कामावरून येताना दिवे लावायचे, गाडी इमारतीखाली उभी करायची, आणि दिव्यांसकट तिला विसरून वर येऊन जेवायला बसायचं. सकाळी बॅटरी गाढ झोपलेली! मग तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंतचे सगळे पुरुष बनियनवर धक्का मारायला खाली. एक दिवस सेक्रेटरी या नात्यानं टिपणिसांनी नोटीसबोर्डावर लिहिलं, "सभासदांनी आपापली वाहने आपापल्याच ताकदीवर चालू करावीत."

त्या रात्री माझी बायको मीना ताट वाढताना म्हणाली, "अहो, तुमच्या कारखान्याच्या आवारातले दिवे संध्याकाळी कोण लावतं?"

"कोणी नाही. फोटोसेल आहे ना! अंधार पडला की आपोआप लागतात."

"मग तेच गाडीला नाही का लावता येणार?"

मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. पुढे ही गोष्ट लोकांना सांगताना 'एकदा जेवता जेवता मला सुचलं' असं मी सांगत आलो. आज खरं सांगून टाकलं.

पुढचे तीन रविवार मी गाडीच्या पोटात डोकं घालून होतो. प्रकार अगदी साधा. शर्टाच्या गुंडीएवढी एक चकती मिळते, तिच्यावर जिलबीसारखी नागमोडी रेघ असते. तिच्यावर उजेड पडला की तिच्यातून वीज सहज जाते. अंधार झाला की ती वीज अडवून धरते. तिनं अडवलं की शेजारचा ट्रान्झिस्टर जागा होतो, तो रिलेला उठवतो, रिले 'खट्' करून दिव्यांची तार जोडतो, आणि हेडलाइट लागतात! उजेड आला की पुन्हा 'खट्', दिवे बंद. शिवाय सगळी जोडणी किल्लीच्या पुढे केलेली. म्हणजे किल्ली बंद केली की दिवे विझलेच पाहिजेत. माझ्या डोक्यावर काही म्हणजे काही सोपवलेलं नाही!

ती चकती मी डॅशबोर्डवर, समोरच्या काचेला लागून बसवली, आणि तिचं नाव ठेवलं 'डोळा'.

चौथ्या रविवारी सोसायटीसमोर प्रयोग केला. डोळ्यावर तळहात ठेवला. खट्! भर दुपारी दिवे लागले. हात उचलला. खट्! विझले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टिपणीस तेवढे हाताची घडी घालून उभे होते.

"साळवी, बटण दाबायला दोन सेकंद लागतात," ते म्हणाले. "ते वाचवायला तुम्ही तीन रविवार घालवलेत?"

उत्तर गाडीनंच दिलं. पुढचे पंधरा दिवस कामावरून परतताना खाडीपलीकडे सूर्य कलला, रस्ता करडा झाला, की माझ्या आधी तिला कळायचं. आभाळ भरून आलं तरी कळायचं. सकाळी गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हायची. टिपणिसांना बनियनवर खाली यावं लागेना. त्यांना थोडं चुकल्यासारखंच होत असावं.

आणि अशा सुखाच्या दिवसांत आमचे सासरे आले.

सासरे म्हणजे बाजीराव जगदाळे. कोरेगावकडचे. तीस वर्षं एसटीची गाडी चालवून निवृत्त झालेले. सहा फूट उंची, पांढऱ्या मिश्या, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. मीना त्यांना आबा म्हणायची, मी मामा. माणूस वाघ! पण आल्या दिवसापासून या वाघाचं काहीतरी बिघडलंय हे मीनाच्या लक्षात आलं. चहा बशीत ओतायचा तो ते बशीशेजारी ओतायचे. खुंटीवरच्या माझ्या कोटाला एकदा त्यांनी "या, बसा" म्हटलं. जिना उतरताना ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजायचे.

"आबा, डोळे दाखवायचे का?" मीनानं विचारलं.

"कुनाचे? माजे?" मामा गरजले. "तीस वरसं घाट उतरलोय मी! घारीचे डोळे हायत हे! डागदराला आधी त्याचे दाखवायला सांग!"

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मीना मोरीत जाऊन रडली. तिची आई नव्हती. आबा गावी एकटेच राहायचे, विहिरीवर एकटेच जायचे. "एक दिवस कुणीतरी तार पाठवेल हो," ती म्हणाली.

मग आम्ही दोघांनी कट केला. वाशीला डोळ्यांचे एक डॉक्टर होते, त्यांची शनिवारी पाचची वेळ घेतली. मामांना सांगितलं, "चला, तुम्हाला वाशीची खाडी आणि पूल दाखवतो."

"पूल?" मामांच्या मिश्या हलल्या. "चला! पूल बघायला म्या कवाबी तयार!"

शनिवारी चार वाजता निघालो. ऊन असं की डांबर चिकटत होतं. मामा पुढे माझ्या शेजारी, मीना मागे. गाडीत बसल्या बसल्या मामांनी घाम पुसला, टोपी काढली आणि ऐटीत समोर डॅशबोर्डवर ठेवली. ड्रायव्हरची जुनी सवय. थोड्या वेळानं त्यांना तहान लागली. मीनानं पाण्याची बाटली आणि पेला दिला. मामांनी अर्धं पाणी पेल्यात ओतलं आणि अर्धं मांडीवरच्या पांढऱ्या टॉवेलवर.

"असू दे, असू दे. वाऱ्यावर आत्ता वाळतंय," असं म्हणून त्यांनी तो टॉवेल खिडकीबाहेर धरला. टॉवेल फडफडायला लागला.

आता माझ्या गाडीचं बाहेरून काय चित्र झालं होतं ते सांगतो. भर उन्हात दोन्ही हेडलाइट लागलेले. खिडकीतून पांढरं फडकं फडफडतंय. मुंबईच्या रस्त्यावर याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: आत पेशंट आहे, आता जातो की मग जातो असा आहे, वाट द्या! पण मी होतो आत. दिवे लागलेत हे मला कळणार कसं? इंजिनाच्या खडखडाटात रिलेची 'खट्' मला ऐकू आली नव्हती, आणि स्वतःच्या गाडीचं तोंड स्वतःला दिसत नाही.

उरण फाट्याच्या पुढे समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं खिडकीतून हात काढला आणि पाचही बोटं उघडमीट केली. मागोमाग एका स्कूटरवाल्यानं तेच केलं. मग एका ट्रकच्या क्लीनरनं दोन्ही हातांनी!

माझी छाती फुगली. "मीना, बघितलंस? बातमी पसरलीय!"

"कसली बातमी?"

"अगं, दिव्यांची! विचारतायत, आपोआप उघडमीट होणारे दिवे ते हेच का?"

आणि मी अभिमानानं हात बाहेर काढून पाचही बोटं उघडमीट केली. म्हणजे, हो हो, हेच!

"लोकं लई प्रेमळ हायत हितली," मामा म्हणाले आणि टॉवेल हलवून त्यांनीही सगळ्यांना रामराम केला.

यानंतर रस्त्यावर जी माणुसकी दिसली ती मी पुन्हा कधी पाहिली नाही. मालवाहू ट्रक बाजूला सरकले. एक बस रस्ता सोडून धुळीत उतरली. शिरवण्याच्या फाट्यावर एका भाजीवालीनं आमच्याकडे बघून हात जोडले. मला वाटलं, जरा जास्तच होतंय. शेवटी मी साधा टेक्निशियन माणूस!

तेवढ्यात मागून मोटरसायकलवर एक वाहतूक हवालदार आला. गाडीच्या बरोबरीनं चालवत ओरडला, "पेशंट हाय काय?"

वाऱ्यात मला 'पेटंट हाय काय?' असं ऐकू आलं.

"अजून नाही!" मी ओरडलो. "पण घ्यायचा विचार आहे!"

त्याचा चेहरा गंभीर झाला. त्यानं खिडकीत वाकून मामांकडे पाहिलं. मामा नेमके उन्हानं डोळे मिटून, मान मागे टाकून बसले होते. हवालदारानं हात उंचावला, "मागशी या माज्या!" आणि गाडी पुढे काढली. तोंडात शिट्टी!

"अहो, हा आपल्याला कुठे नेतोय?" मीनानं घाबरून विचारलं.

"नियमाबाहेर जोडणी केली म्हणून चौकीवर नेत असणार," मी म्हणालो. माझी फुगलेली छाती सानपाड्याच्या वळणावर पार सपाट झाली.

पण त्यानं चौकीवर नेलं नाही. वाशीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकातून तो शिट्टी वाजवत आत शिरला आणि मीही त्याच्यामागे शिरलो. एका पांढऱ्या शुभ्र भिंतीसमोर त्यानं मला थांबायची खूण केली. मी इतका घाबरलो होतो की ब्रेक दाबला, क्लच विसरलो. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. किल्ली तशीच 'चालू'वर राहिली. आणि मला वाटत होतं, माझ्या डोक्यावर काही सोपवलेलं नाही!

दार उघडलं गेलं. दोन वॉर्डबॉय, एक स्ट्रेचर. त्यांनी मामांच्या काखेत हात घातले.

"आरं, आरं! कोन तुमी?"

"शांत राहा बाबा, बोलू नका!"

"आरं, म्या पूल बघाय आलोय!"

"भ्रम झालाय," एक वॉर्डबॉय दुसऱ्याला म्हणाला. "पाय धर."

सहा फुटांचा माणूस स्ट्रेचरवर आडवा झाला. "माजी टोपी! माजी टोपी!" मामा ओरडत होते. मीनानं डॅशबोर्डवरची टोपी उचलली आणि स्ट्रेचरमागे धावली. मी तिच्यामागे. माझ्यामागे हवालदार. वऱ्हाडी कमी असले, तरी वरात झकास निघाली!

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, छातीला नळी लावली आणि चक्रावून म्हणाल्या, "यांना तर काहीच झालेलं नाही! नाडी घोड्यासारखी आहे."

"तेच सांगतोय मघाधरनं!" मामा उठून बसले.

"थांबा आजोबा. ही किती बोटं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन उभं धरलं होतं.

मामा पुढे झुकले. डोळे बारीक केले. मग ठासून म्हणाले, "तीन!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. खिशातून छोटी बॅटरी काढून त्यांच्या एका डोळ्यात पाहिलं, दुसऱ्या डोळ्यात पाहिलं. आवाज एकदम मऊ झाला.

"आजोबा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पुरता पिकलाय. किती दिवस दिसत नाहीये?"

मीनानं माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता वाघ डरकाळी फोडणार. पण मामा खाली मान घालून बसले. मीनाच्या हातातली टोपी चाचपून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"झाली की तीन-चार वरसं," ते म्हणाले. "दिव्यांभवती कडी दिसायची आदी. चंद्राला खळं पडतं, तशी. एक डाव दिवेलागणीला समोरनं ट्रक आला आन् मला दोनाच्या जागी धा दिवे दिसले. रस्ता कुठला आन् दरी कुठली, काय कळंना. गाडीत चाळीस मानसं. म्या गाडी कडंला घेतली आन् सांगितलं, इंजान बिघडलंय. दुसऱ्या गाडीनं लावून दिली समद्यांस्नी. इंजान कुठलं बिघडतंय!" त्यांनी टोपीवरून हात फिरवला. "मग म्हैन्याभरात अर्ज दिला आन् घरी बसलो. कुनाला नाय बोललो. लोकं म्हनली असती, आंधळा ड्रायव्हर."

मीना त्यांच्या शेजारी स्ट्रेचरवर बसली आणि लहान मुलीसारखं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आबा, चाळीस माणसं घरी पोचली ना? मग आंधळा कसा?"

मामांनी टॉवेलनं डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. हवालदार दारात उभा राहून मिशी चावत होता. त्याचं नाव पोपट म्हात्रे, शिरवण्याचाच. तो नाक ओढून म्हणाला, "माजी आईस पन आशीच करते. डोल्यांचा सांगत नाय कोनाला."

डॉक्टरीणबाईंनी कागद केले. हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी यायचे. आम्ही पाचची वेळ घेतली होती तेच! मंगळवारची तारीख ठरली. मामांनी कागदाकडे न बघता ठसठशीत सही केली आणि म्हणाले, "पन पूल दावाय लागंल."

सगळं असं गोड संपत आलं होतं. कागदपत्रांच्या घोळात सात वाजत आले होते आणि बाहेर अंधारून येऊ लागलं होतं. इतक्यात दार धाडकन उघडलं आणि पांढऱ्या साडीतल्या एक भारदस्त बाई आत आल्या. त्या इथल्या मेट्रन, भागीरथीबाई. त्यांना बघून वॉर्डबॉय भिंतीला चिकटले.

"ती चॉकलेटी गाडी कुणाची?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"लाज नाही वाटत? माझ्या नर्सेसच्या हॉस्टेलकडे तोंड करून उभी केलीये आणि सारखे दिवे मारताय! उघडमीट, उघडमीट! पोरी खिडक्या लावून बसल्यात!"

"अहो बाई, मी तर इथे आहे!"

"मग गाडीत तुमचा कोण साथीदार बसलाय?"

पोपट हवालदाराच्या चेहऱ्यावरचं सगळं दुःख क्षणात नाहीसं झालं. "साथीदार?" त्यानं पट्टा वर ओढला. "चला, बघू दे!"

आम्ही सगळे बाहेर धावलो. गाडीत कोणीही नव्हतं. गाडी त्या पांढऱ्या भिंतीसमोर एकटीच उभी होती आणि खट्, दिवे लागत होते; खट्, विझत होते. खट्, लागले! खट्, विझले! वरच्या मजल्यावर खिडकीच्या फटीतून चार-पाच पोरी हसत होत्या. गाडीभोवती पंचवीस-तीस माणसं जमली होती. एका म्हातारीनं गाडीला नमस्कार केला.

"भुताटकी!" एक वॉर्डबॉय पुटपुटला.

माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला! "भुताटकी नाही, भिंत आहे!" मी ओरडलो. "अहो, अंधार पडला, डोळ्याला कळलं, दिवे लागले. दिव्यांचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परत काचेवर आला. डोळ्याला वाटलं, दिवस उगवला! त्यानं दिवे बंद केले. बंद केल्यावर पुन्हा अंधार! म्हणून पुन्हा लावले!"

"म्हणजे गाडी स्वतःच्याच उजेडाला फसतेय?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"अगदी बरोबर! डोळा भिंतीकडे नको, आभाळाकडे वळवायला हवा. आणि रिलेला जरा दम धरायला शिकवलं पाहिजे. अंधार झाला तरी थोडं थांब, उजेड आला तरी थोडं थांब, मग ठरव. एक मोठा कपॅसिटर लावला की..."

"ता ऱ्हाऊ दे," पोपट हवालदार मध्येच म्हणाला. त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. "पेशंटला काय नाय झाला. मंग दुपारी चार वाजता तू लाईट कशाला लावून येत होतास? भर उन्हान?"

"दिवे?" मी गोंधळलो. "दुपारी? दुपारी दिवे लागलेच नव्हते!"

"मंग मी काय खुला हाय? बेलापूरपासून वाशीपरत समदी दुनिया तुला हातानं सांगते, लाईट चालू हायत, लाईट चालू हायत! आन तू उलट हात हलवून मजा करतोस?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ती पाच बोटं कशासाठी होती. माझे कान असे तापले की त्यावर पापड भाजले असते. पण दिवे लागले कसे? भर उन्हात डोळ्याला अंधार दिसला कसा? मी वायरी बघितल्या, रिले बघितला, डोकं खाजवलं. काही कळेना. पोपट हवालदारानं वही काढली.

"थांबा हवालदार," मागून आवाज आला. मीनाचा हात धरून मामा आले होते. "जावईबापू, बेलापूरला म्या गाडीत बसलो, तवाबी अशीच खट् झाली हुती. म्या टोपी ठिवली आन् खट् झाली."

"तुम्हाला ऐकू आली, मामा?"

"तीस वरसं इंजान ऐकलंय म्या. डोळं गेलं, कान न्हाई गेलं."

त्यांनी दार चाचपून उघडलं, आत वाकले, आणि मांडीशी धरलेली टोपी अंदाजानं डॅशबोर्डवर ठेवली. खट्! दिवे लागले ते लागलेच. भिंतीवर स्थिर उजेड पडला. टोपी उचलली. खट्! उघडमीट सुरू. पुन्हा ठेवली. स्थिर!

जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रयोगाला सोसायटीत मिळाल्या होत्या त्याच्या चौपट. तीन रविवार खपून मी जे केलं, त्यातला दोष सहा फुटी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेल्या माणसानं अर्ध्या मिनिटात शोधला होता!

पोपट हवालदारानं वही मिटली. स्वतःची टोपी काढून त्यानंही एकदा ठेवून बघितली. खट्! मग भागीरथीबाईंनी हात ठेवून बघितला. खट्! मग वॉर्डबॉय रांगेनं. हवालदार माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाला, "माज्या मोटरसायकलला बसंल काय रं ह्या?"

सगळ्यांच्या हौसेत बॅटरीनं प्राण सोडला. मग पंधरा वॉर्डबॉय, एक हवालदार आणि एक मेट्रन यांनी धक्का मारून आम्हाला फाटकाबाहेर काढलं. मामांना पूल दाखवूनच घरी आणलं. पुलावर त्यांनी कठड्याला हात लावला, खाडीचा वारा नाकात भरून घेतला आणि म्हणाले, "झ्याक हाय." काय दिसलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसऱ्याच दिवशी मी डोळा आभाळाकडे वळवला, कपॅसिटर लावला, आणि डॅशबोर्डवर पाटी चिकटवली: 'येथे टोपी ठेवू नये.' त्यानंतर गाडीनं कधी गैरवर्तन केलं नाही.

मंगळवारी तपासणी झाली. पुढच्या दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मामा आमच्याकडेच राहिले. टिपणीस रोज संध्याकाळी येऊन त्यांना पेपर वाचून दाखवत. भागीरथीबाई सुट्टीच्या दिवशी येऊन डोळ्यांत औषध घालून गेल्या. पोपट हवालदार एकदा घरचे बोंबील घेऊन आला, आणि जाताना स्वतःच्या आईसाठी डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेला.

शेवटी जाड भिंगांचा चष्मा आला. सगळे आमच्या खोलीत जमले. मामा खुर्चीवर ताठ बसले. मीनानं चष्मा त्यांच्या कानांवर चढवला.

मामांनी आधी स्वतःचे हात बघितले, उलटेपालटे करून. मग मीनाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. "किती वाळलीस गं पोरी," ते म्हणाले. "अगदी आईवानी दिसायला लागलीस." मीना रडायला लागली. टिपणीस खिडकीबाहेर बघायला लागले.

आता माझी पाळी होती. मी पुढे झालो, वाकून नमस्कार केला आणि 'पोरा, तुझ्यामुळं दिसलं' असं काहीतरी ऐकायच्या तयारीनं ताठ उभा राहिलो. मामांनी चष्मा नाकावर सरकवला. माझ्याकडे बघितलं. खालून वर बघितलं, आणि वर गेल्यावर तिथेच थांबले.

"मीने," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ह्ये कोन?"

"आबा! असं काय करता? जावई तुमचे!"

"ह्ये?" मामांनी पुन्हा निरखून पाहिलं. "आन् लग्नात ज्येला म्या फेटा बांधला, त्येच ह्ये? फेट्याखाली असं टक्कल हाय, ते कुनी बोललं न्हाई मला! चार वरसं मला वाटतंय, जावयाच्या डोक्यावर ऊन पडलंय!"

टिपणीस एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीनाचं रडणं जागच्या जागी थांबलं, आणि नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून तीही पदर तोंडावर धरून हसायला लागली.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दुसऱ्या दिवशी मी गुपचूप चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. भिंगाचा नंबर थोडा कमी करून मिळेल का, असं विचारलं. नाही म्हणाला!